अर्धी अर्धी कादंबरी

पंधरा दिवसांपूर्वी भाचीनं पुण्याहून मला चार नव्या कादंबऱ्या पाठवल्या. खोकं उघडून मी चारही पुस्तकं दिवाणावर मांडली, मलपृष्ठं वाचली, दोन-दोन पानं चाखून पाहिली. एक भलतीच जाड होती. एकीत पहिल्याच पानावर तिघे मेले, ती बाजूला ठेवली. एकीचं चित्र सुंदर, आत मात्र नुसती कोरडी भाकर. चौथी होती एका खानावळ चालवणाऱ्या बाईची, आणि ती पहिल्या परिच्छेदापासून मला सोडेना. मी सुनेला म्हटलं, "ब्लेड आण."

सून घाबरली. पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात जोडणारी सासू नवं कोरं पुस्तक कापायला निघालेली तिनं कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं, सेवानिवृत्तीनंतर व्हायचं ते झालं. मग तिला बसवून सगळं सांगावं लागलं.

माझी पहिली नोकरी धानोऱ्याला. मी गोंडपिपरीकडची, धानाच्या शेतातून उठून आलेली मास्तरीण, आणि शेजारच्या खोलीत सरकारी दवाखान्यातली नर्स. तीही नवीच, माझ्याच वयाची. संध्याकाळी चूल पेटवायची, भात टाकायचा आणि वाचायचं, याखेरीज आम्हाला काम नव्हतं. गावात पुस्तकाचं दुकान नव्हतं. टपालानं कादंबरी मागवायची आणि पोस्टमनची वाट पाहायची. कादंबरी आली की भांडण ठरलेलं, आधी कोण वाचणार? एकदा दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून ब्लेड घेऊन आली, कादंबरी मधोमध उघडली, शिवणीचा दोरा सपकन कापला आणि पुस्तकाचे दोन तुकडे केले. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. ती म्हणाली, "काऊन ओरडतं? मेलं नाई ते." मग जखम शिवायच्या दोऱ्यानं तिनं दोन्ही अर्ध्यांना टाके घातले, असे सुबक की अंगावर घातले असते तर व्रणही राहिला नसता. वर खाकी कागद चढवला.

तेव्हापासून नेम झाला. पहिला अर्धा एकीनं वाचून दुसरीला द्यायचा आणि स्वतः पुढचा घ्यायचा. पुढे असलेलीनं मागचीला काही सांगायचं नाही, चेहऱ्यानंसुद्धा नाही. मला हे फार जड जाई. गोष्टीत कोणी दगा दिला की मी शाळेत मुलांवर उगाच खेकसायची आणि तेवढ्यावरून ती ताडायची.

दोन वर्षांनी माझी बदली गडचिरोलीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात झाली. मला वाटलं, संपलं आमचं वाचन. पण त्या रस्त्यानं एसटीची मुक्कामी गाडी जायची आणि तिचा कंडक्टर होता भला माणूस. माझी नर्स मैत्रीण धानोऱ्याला त्याच्या हाती अर्धी कादंबरी द्यायची. तो माझ्या फाट्यावर गाडी थांबवून खिडकीतून पुडकं द्यायचा आणि माझं पुडकं परत न्यायचा. आमच्याकडे वयानं थोड्या मोठ्या कुणालाही भाऊच म्हणतात, तशी तीही त्याला भाऊ म्हणायची.

या भाऊंना एक खोड होती. वाटेत पुडकं उघडून ते आधी शेवट वाचायचे. खिडकीतून पुडकं देताना हळूच म्हणायचे, "बाई, घाबरू नका, बरा होते तो." मी कपाळाला हात लावायची. ती मात्र ऐकून घेणारी नव्हती. तिनं बसस्टँडवर चारचौघांत त्यांना झापलं, "भाऊ, तुमाले कोनं सांगतलं वाचाले? तिकिटं फाडा ना मुकाट्यानं!" ते म्हणाले, "तिकिटं फाडून फाडून कंटाळा आला, सिस्टर. मले पन वाचू द्या." त्या दिवसापासून ते सुटीच्या दिवशी पुस्तक मागायला दवाखान्याच्या क्वार्टरवर जाऊ लागले. पुस्तकं पोचवता पोचवता स्वतःच पोचले. विहारात साधं लग्न झालं. वंदनेला आम्ही सगळे उभे राहिलो तेव्हा मी तिच्या कानात विचारलं, "आता भाऊ कसं म्हनशीन वं?" ती वंदना संपेपर्यंत ओठ चावत होती.

संसार झाले, मुलं झाली, आम्ही तिघंही निवृत्त झालो. मी गोंडपिपरीला आले. ती दोघं कोरपन्याला मुलाकडे गेली, तो तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात आहे. कादंबरी मात्र अर्धी अर्धीच राहिली. भाऊजींकडे एसटीचा पास होता. महिन्या-दीड महिन्यानं दोन बसा बदलून ते यायचे, पुडकं द्यायचे, चहा घ्यायचे, दुसरं पुडकं पिशवीत टाकायचे आणि परतीची गाडी धरायचे. टपालानं पाठवू म्हटलं की रुसायचे. "मंग माह्यं काय काम?" म्हणायचे. शेवट आधी वाचायची खोड जन्मभर गेली नाही.

गेल्या वर्षी ते गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी एका कादंबरीचा पहिला अर्धा घेऊन गेले होते, तिनंच पूर्वी शिवलेला. तिथं नेण्याची वस्तू नव्हे ती, पण मला दुसरं काही सुचलं नाही. तिनं खाकी कागदावरून हात फिरवला आणि पुडकं माझ्या मांडीवर परत ठेवलं. "आता नाई वाचत मी," म्हणाली. "वाचून काय करू?" तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तिची सून म्हणाली, आई रडल्याच नाहीत.

त्यानंतर फोनवर ती बोलायची, पण कशी? जेवण झालं का, पाऊस आहे का, ठेवते. वर्षभर मी एकटीनं अख्ख्या कादंबऱ्या वाचल्या आणि एकही गोड लागली नाही. ती मला हवी होती, पूर्वीसारखी, माझ्या अंगावर ओरडणारी. ती पुस्तकाकडे परतली नाही तर माझ्याकडेही परतणार नाही, ही भीती मला खात होती.

म्हणून ब्लेड. पण नव्या पुस्तकांची तऱ्हा मला माहीत नव्हती. मी मधोमध उघडून दोरा शोधते तर दोराच नाही! नुसता डिंक. ब्लेड लावलं तशी पानं सुटली, वरून पंखा फिरत होता, खोलीभर खानावळच खानावळ झाली. सून आणि मी गुडघ्यांवर रांगत पानं गोळा केली. कापणं आणि टाके घालणं कधीच माझ्याकडे नव्हतं, मी फक्त पुस्तक धरायची. आता गोधडीच्या सुईनं कसाबसा पहिला अर्धा शिवला, खाकी कागद चढवला आणि कुरिअरनं कोरपन्याला पाठवून दिला. सोबत चिठ्ठी नाही. काय लिहिणार?

आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी मी फोन हातात घेऊन परत ठेवला. दहाव्या दिवशी भरदुपारी फाटक वाजलं. बघते तर ती. एकटी, घामानं डबडबलेली, हातात पुडकं. वर्षभरात घराबाहेर पडली नव्हती ती बाई.

"हे टाके हायेत का वं?" तिनं दारातूनच तोंड सोडलं. "मानसाले घातले असते तर मेला असता! अन सत्त्यान्नव ते एकशे बारा पानं कुठी हायेत? ती बाई खानावळ बंद करून राह्यली अन तिथीच पानं गायब!"

मी दिवाण सरकवला. भिंतीच्या फटीत आठ कागद उभे होते. मला हसू आवरेना, इतका आनंद झाला होता मला तिच्या शिव्यांचा. पानं झटकून तिच्या हाती देत मी म्हटलं, "अवं, एवढ्या उन्हात आलीस काऊन? फोन केला असता तर मी पाठवली नसती का?"

ती पानांकडे बघत राहिली.

"कोनाच्या हातानं पाठवली असतीस?" ती म्हणाली.

आणि दिवाणावर बसून ती रडू लागली. वर्षभराचं रडू होतं ते, लवकर थांबलं नाही. मी तिला धरून बसले आणि मीही रडले. मग ती उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, पदरानं चष्मा पुसला आणि दिवाणावर पाय वर घेऊन बसली.

"बोलू नको आता," म्हणाली, आणि सत्त्याण्णवावं पान वाचायला लागली.