खोर अल अदैदच्या वाटेवर ब्रूनो आणि लीना

दोहात तीन वर्षं झाली, तरी माझं ड्रायव्हिंग अल हिलालमधलं घर ते ऑफिस एवढंच. या हिवाळ्यात ठरवलं, खोर अल अदैदला, म्हणजे वाळवंटात आत शिरलेल्या समुद्राकाठी, गाडी मीच नेणार. ऑफिसातल्या एकीने ब्रूनोचं नाव सुचवलं. साठी उलटलेला हा इटालियन एकेकाळी रॅलीत गाडी चालवायचा. आता तो आणि त्याची बायको लीना वाळूतलं ड्रायव्हिंग शिकवतात.

शुक्रवारी सकाळी निघालो. मेसाईदपर्यंत पाऊण तास, रस्ता गुळगुळीत. डांबर संपतं तिथे टायरमधली हवा निम्म्यावर आणून घ्या आणि टपरीवरचा करक चहा सोडू नका. वाळूत एकटी गाडी नेऊ नये, म्हणून दोन गाड्या होत्या. माझ्या शेजारी ब्रूनो. मागच्या गाडीत लीना आणि माझा नवरा मंदार.

पहिल्या तासात दोनदा रुतले. ब्रेक दाबू नकोस, नुसता पाय काढ, एवढंच ब्रूनो सांगायचा. तिसऱ्या टेकडीनंतर मात्र हात बसला. दुपारी समोर निळंशार पाणी आलं तेव्हा मला माझाच अभिमान वाटला.

तिखटमिठाच्या पुऱ्या खाताना ब्रूनो बोलता झाला. वडिलांच्या दूधगाडीवर तो डोंगरातली वळणं शिकला. लग्नाआधीपासून लीना त्याच्या शेजारी बसून रस्त्याच्या नोट्स, म्हणजे पुढचं वळण कसं आहे ते, वाचून दाखवायची. अकरा वर्षं दोघांनी मिळून रॅली केल्या, काही जिंकल्याही.

"शेवटच्या रॅलीत ती सांगत होती, वळण पुढे आवळत जातंय," तो म्हणाला. "मला वाटलं, हा रस्ता मला पाठ आहे."

गाडी दरीत गेली. त्याला खरचटलंही नाही. लीना सहा महिने अंथरुणात होती. त्याने त्याच आठवड्यात रॅली सोडली. लीना डबा आवरत होती.

परतीला मीच पुढे होते. एकदाही रुतले नाही.

घरी पोचल्यावर मंदारने चहा ठेवला. मग त्याने लीना गाडीत काय म्हणाली ते सांगितलं. "अपघाताचं मी त्याला तेव्हाच माफ केलं. पण मी बरी होऊन पुन्हा त्याच्या शेजारी बसणार होते. मला न विचारता त्याने आम्हा दोघांची रॅली बंद केली, ते अजून माफ केलेलं नाही."

मग तो म्हणाला, "पुण्याहून नोकरीची ऑफर आलीय. मी परवा हो कळवून टाकलं. तुला विचारलं नाही."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. सोमवारी त्याने पुण्याला फोन करून मुदत मागितली. आता आम्ही दोघं मिळून ठरवतोय. माझा कल इथेच राहण्याकडे आहे, आणि तो आता ऐकतोय.