व्याह्यांनी पुसलेले ई-सिम

बुधवार, सायंकाळी सव्वापाच. गुरुवार, सकाळी साडेसात. आणि त्यानंतर पेनड्राइव्ह घरात येऊनही वाया गेलेले एकूण एक रविवार. या प्रकरणातील तारखा एवढ्याच, आणि जबाबदार इसम चार: लग्नाची चित्रफीत सहा वर्षे दाबून बसलेला फोटो स्टुडिओवाला, "बाबा, कुछ नहीं करना है, फक्त स्कॅन करा" एवढे सांगून निश्चिंत झालेले माझे जावई, कोणीही 'हो' म्हटले की ते खरे मानणारा फोन ज्यांनी बनवला ते कारागीर, आणि यादीत चौथे परंतु जबाबदारीत पहिले, माझे व्याही. इंदुरात स्वच्छतेचा अभिमान बाळगणारी माणसे गल्लोगल्ली सापडतील. पण वापरून झालेली वस्तू दोन मिनिटांहून अधिक काळ नजरेसमोर राहिली तर ज्यांना कणकण येते असे गृहस्थ पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि ते माझ्या मुलीचे सासरे आहेत.

मी जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षे रीडर, म्हणजे न्यायाधीशांपुढे फायली मांडणारा पेशकार, होतो. निवृत्तीनंतर मी विजेच्या, पाण्याच्या, टपालाच्या आणि आमच्या राजेंद्र नगरातील लाउडस्पीकरच्या संदर्भात जी पत्रे लिहिली, त्यांच्या स्थळप्रतींनी एक लोखंडी कपाट भरले आहे. नोटीस देता येत नाही असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. कारण मी मुलीचा बाप आहे, आणि मुलीच्या बापाने व्याह्यांना नोटीस धाडावी अशी तरतूद आपल्या रूढीत नाही. तरीही मी तीन वेळा मसुदा केला. तिन्ही वेळा आमच्या हिने त्या कागदांवर पापड वाळत घातले. म्हणून हा मजकूर जाहीररीत्या, वाचकांच्या साक्षीने लिहीत आहे. व्यक्तिचित्रावर पापड वाळत घालता येणार नाहीत अशी आशा आहे.

व्याह्यांचे घर अन्नपूर्णेला, देवळापासून चालत पाच मिनिटांवर. दारात कचऱ्याचे सहा डबे, सहा रंगांचे, आणि त्यांच्यावर व्याह्यांच्या वळणदार अक्षरात शीर्षके. कचऱ्याच्या गाडीचे गाणे दोन चौक अलीकडे ऐकू आले की हे वराकडच्या मंडळींना सामोरे जावे तसे डबे घेऊन रस्त्यात उभे. त्यांच्याकडे चहा प्यायचा तर शेवटचा घोट आधी घ्यावा लागतो. माझा कप मी अर्ध्यावर असताना तीन वेळा विसळला गेला आहे. वर्तमानपत्र सकाळी आठनंतर घरात टिकत नाही. विहीणबाई होत्या तेव्हा त्या अख्खे वर्तमानपत्र अंगाखाली घेऊन बसत आणि एकेक पान ओढून काढून वाचत. फोनच्या बाबतीतही हाच न्याय. सुप्रभातचे संदेश हा ओला कचरा, कारण दुपारपर्यंत ते नासतात. लग्नपत्रिकांचे फोटो हा सुका, तो लग्न लागेपर्यंत ठेवावा, अक्षता पडताच पुसावा. "साहेब, माणसाचा फोन एकदम चकाचक पाहिजे," असे ते मला सांगतात. "तुमचा बघा, गोडाउन झालंय."

अशा माणसाच्या घरात एकच गोष्ट मात्र अर्धवट पडून होती. सहा वर्षांपूर्वी, आमच्या मुलीच्या लग्नात, विहिणीच्या पंगतीला विहीणबाईंना नाव घेण्याचा आग्रह झाला आणि त्यांनी उखाणा घेतला: 'राजवाड्याच्या चौकात कबुतरांचा थवा'. पुढची ओळ त्यांनी म्हटली, पंगत खदखदून हसली, आणि नेमके तेव्हाच मांडवाबाहेर बँड सुरू झाला. तीन वर्षांपूर्वी विहीणबाई गेल्या. आज त्या पंगतीतल्या प्रत्येकाला हसू आठवते, ओळ कोणालाच आठवत नाही. मी ऐकली असती तर टिपून ठेवली असती. पण जिलब्या गार आल्या म्हणून मी त्या वेळी हलवायाशी भांडत होतो. त्या ओळीचा पुरावा फक्त चित्रफितीत, आणि चित्रफीत त्या स्टुडिओवाल्याकडे, जो दरवेळी 'डिस्क खराब आहे' एवढेच उत्तर देत असे. मी ग्राहक आयोगात तक्रार गुदरली. व्याही म्हणत, "जाऊ द्या हो साहेब, कशाला कोर्टाच्या पेश्या भोगता." आणि असे म्हणणारा हा माणूस दर जेवणाला स्वतःच नवी दुसरी ओळ जुळवून मला ऐकवी. '...रावांना झाडू रोज नवा हवा.' '...रावांचा राग म्हणजे तापलेला तवा.' (नाव मी येथे मुद्दाम गाळले आहे.) "ही असेल?" असे विचारून ते माझ्याकडे पाहत. ही असणे शक्यच नव्हते. व्याह्यांना राग येत नाही. दोन्ही घरांचा मिळून जेवढा आहे तो सगळा माझ्याकडे आहे.

गेल्या उन्हाळ्यात मुलांनी आम्हा दोघा व्याह्यांना युरोपला धाडले. आमच्या हिच्या गुडघ्यांना विमान मानवत नाही, म्हणून प्रवासी दोनच: फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली. जावयांनी चारही देशांत चालेल असे एक ई-सिम विकत घेऊन वडिलांना पाठवले. ई-सिम म्हणजे हाती काहीच न येणारे सिम. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन येतो, त्याच्यासमोर फोन धरला की इंटरनेट सुरू होते. तो चौकोन एकदाच चालतो. व्याह्यांनी तो अन्नपूर्णेच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून लॅमिनेट करवला, तीन प्रतींत. एक देवघरात ठेवून तिला हळदकुंकू वाहिले. दुसरी स्वतःच्या खिशात. तिसरी मला दिली, तिच्यावर मी 'सत्यप्रत' लिहून सही केली. माझा फोन जुना, तो ई-सिम घेत नाही. सबब मला व्याह्यांच्या हॉटस्पॉटवर अवलंबून राहणे भाग होते, आणि हॉटस्पॉट दहा पावलांपलीकडे पोचत नसे. पॅरिसात चार दिवस मी त्यांच्या मागे दहा पावलांत चाललो. मुलीच्या बापाचे व्याह्यांमागे चालणे रूढीला धरूनच असल्याने मी याबाबत तक्रार केली नाही. ते मात्र प्रत्येक कचरापेटीचे झाकण उघडून पाहत आणि सुस्कारा सोडत. "ओला-सुका एकत्र, साहेब. इतकं मोठं शहर, और ये हाल."

गुरुवारी माझी सुनावणी होती. आयोगाने ती व्हिडिओवर घेण्यास परवानगी दिली होती: भारतात सकाळचे अकरा, स्वित्झर्लंडात साडेसात. अंतिम युक्तिवाद. मी बावीस मुद्दे काढले होते आणि व्याह्यांना ही तारीख इंदूरपासून पॅरिसपर्यंत नऊ वेळा सांगितली होती. बुधवारी सव्वापाचला आमच्या रेल्वेगाडीने सरहद्द ओलांडली. त्यांच्या फोनवर स्वित्झर्लंडात स्वागत असल्याचा संदेश आला. त्यांनी चष्मा पुसला, फोनवर चारदोन ठिकाणी बोट टेकवले आणि तृप्त चेहऱ्याने फोन खिशात ठेवला.

"काय केलंत?" मी विचारले.

"साफसफाई. फ्रान्स संपला, साहेब. फ्रान्सचं सिम कशाला ठेवायचं? डिलीट मारलं."

"व्याहीबुवा, ते एकच सिम होतं. चारही देशांचं."

"असं कसं? फोनने मला दोनदा विचारलं ना, नक्की काढू का म्हणून. मी दोन्ही वेळा हो बोललो. चूक असती तर तो बोलला नसता का?"

मी सत्यप्रत काढली. फोन तिच्यासमोर धरला. हा कोड आधीच वापरलेला आहे, असे उत्तर आले. त्यांनी स्वतःची प्रत काढली. तेच उत्तर. "घरची काढायला सांगू?" ते म्हणाले. "तिच्यावर कुंकू आहे." घरी सांगायलाही इंटरनेट लागते, हे मी त्यांना सांगितले. पुढे दोन स्टेशने गेल्यावर ते हळूच म्हणाले, "म्हणजे उद्याची पेशी...?" मी मनात नोटिशीचा चौथा मसुदा करीत होतो.

मुक्कामाचे गाव लहान, आणि तिथल्या हॉटेलाचे वायफाय नेमके बिघडलेले. दुरुस्त करणारा सकाळी नऊला येणार होता. सकाळी सात वाजता मी काळा कोट चढवून, फाइल मांडीवर घेऊन, खोलीत एका मृत फोनसमोर बसलो होतो. व्याही खोलीत नव्हते. सात वाजून दहा मिनिटांनी ते बनियनवर शाल गुंडाळून धापा टाकत आले. "चला! चौकात पाववालीचं दुकान उघडं आहे. तिच्याकडे वायफाय आहे. भागा साहेब, भागा!"

ती बाई पन्नाशीची, हाताला पीठ लागलेले. तिला जर्मन येत होते, व्याह्यांना इंदूरची हिंदी. "भैनजी, अर्जंट है. इनकी पेशी है," असे म्हणून त्यांनी माझ्या काळ्या कोटाकडे बोट दाखवले, हात जोडले, आणि नेटवर्क कोठून येते हे समजावे म्हणून आकाशाकडे बोट केले. बाईने कोटाकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले, छातीवर हात ठेवला आणि माझ्या फोनात स्वतः पासवर्ड घातला. मग न मागता दोन गरम पाव आणून ठेवले. "बघा," व्याही म्हणाले, "इथे लोकांना कायद्याची किती कदर आहे." तिला नेमके काय समजले याबाबत माझे मत वेगळे आहे. ते मी राखून ठेवतो.

फाइल धरायला मला दोन्ही हात हवे होते, म्हणून फोन व्याह्यांनी धरला. पाऊण तास, खांद्याच्या उंचीवर, सत्तरीचे हात. ते थरथरत असल्याने आयोगाला कधी मी दिसत होतो, कधी पाव. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने ती संधी साधली. "माननीय, शिकायतकर्ता महोदय यूरोप में बैठकर ब्रेड खा रहे हैं. इन्हें काहे का मानसिक कष्ट?" मी संतापाने पाव बाजूला सारला आणि मुद्दा सातवा सुरू केला. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "ये फ़ोन किसने पकड़ रखा है? बहुत हिल रहा है."

व्याह्यांनी फोन स्वतःकडे वळवला. "लड़के का बाप हूँ साहब."

"आपको कुछ कहना है?"

मला वाटले, आता हे 'जाऊ द्या' म्हणणार आणि सहा वर्षे पाण्यात जाणार. व्याह्यांनी शाल नीट केली. "साहब, उस फ़िल्म में हमारी घरवाली नाम ले रही है. आधा याद है, आधा नहीं है. मैं बनाता रहता हूँ, बैठता नहीं है. बस इतना ही है साहब. बाकी घर में सब है."

वकिलाने आपली फाइल मिटली. मग अध्यक्षांनी डिस्क असेल त्या अवस्थेत तीस दिवसांत हवाली करण्याचा आदेश दिला. माझे पंधरा मुद्दे आजही अनुच्चारित आहेत, याची नोंद व्हावी. आदेश लागताच, सहा वर्षे खराब असलेली ती डिस्क पंधरा दिवसांत ठणठणीत बरी झाली आणि तिच्यातले सारे एका पेनड्राइव्हवर उतरून आमच्या हाती आले.

तो मी त्याच रविवारी अन्नपूर्णेला नेऊन दिला. मी उघडून पाहिलेला नाही. पहिला हक्क त्यांचा. त्यांनी तो रुमालात गुंडाळून टीव्हीशेजारच्या कपाटात ठेवला आणि पोहे कसे झालेत हे विचारले. पुढच्या रविवारी प्लग बिघडला होता. त्याच्या पुढच्या रविवारी चष्मा सापडत नव्हता. तो त्यांच्या नाकावर होता. अखेर परवा मी फाटकातच त्यांना अडवले आणि स्पष्ट विचारले, "व्याहीबुवा, बघायचं आहे की नाही?"

"बघायचं आहे हो," ते म्हणाले. त्यांनी फाटकाची कडी दोनदा लावली, दोनदा काढली. "क्या है ना साहेब, सध्या माझ्याकडे चाळीस ओळी आहेत. कधी ती झाडूवाली ओळ म्हणते, कधी तव्यावाली. रोज काहीतरी बोलते. खरी ओळ निघाली की एकच राहील. मग तिने पुढे काय बोलायचं?"

चौतीस वर्षांत मी पुष्कळ बचाव ऐकले. या बचावावर गेले दोन दिवस मी मसुदे करून फाडत आहे आणि अधिकच संतापत आहे.

तरी व्याह्यांना या लेखाद्वारे जाहीर विचारणा करण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी आणि आमची ही अन्नपूर्णेला येत आहोत, तेव्हा ते टीव्हीसमोर आमच्या मध्ये बसणार आहेत की नाही? उत्तर असेच जाहीररीत्या, सर्वांसमक्ष द्यावे. चित्रफीत लगेच लावायची सक्ती नाही. आधी त्यांनी आपल्या चाळीसही ओळी म्हणाव्यात, सावकाश, एकेक. आम्ही ऐकू. मी एकाही ओळीवर हरकत घेणार नाही.