काळजातली गाय

गायीला माता म्हणणारे पुष्कळ पाहिले, पण गाय काळजात घेऊन फिरणारा माणूस साऱ्या रत्नागिरीत एकच, माझे धाकटे दीर. मुंबईत त्यांच्या हृदयाला गायीच्या हृदयावरच्या पडद्याची झडप बसवली आणि तेव्हापासून आमच्या घराला चैन नाही. आल्या आल्या त्यांनी चहातलं दूध सोडलं, म्हणाले, आता ते घरचंच झालं. बाजारात गाय दिसली की रिक्षा थांबवून नमस्कार. माणसाला आधी माकडांचे अवयव लावून पाहिले, मग डुकरांच्या आणि गायींच्या झडपा आल्या, ही डॉक्टरकडून ऐकलेली हकीकत ते न्हाव्याच्या दुकानात इतकी रंगवून सांगत, की अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच बसून राही. गाय कुठल्या रंगाची होती, असंही त्यांनी डॉक्टरला विचारलं होतं. झडप परदेशातून डबीत येते, रंग कुणाला ठाऊक, असं उत्तर मिळालं. त्याची मात्र त्यांना रुखरुख लागली.

पितृपक्षात आमच्याकडे म्हाळ, म्हणजे पितरांचं श्राद्ध असतं. ऑपरेशनच्या वर्षी सासऱ्यांच्या पानाशेजारी दिरांनी त्या गायीचंही पान वाढलं, हिरवं गवत आणि पेंड. सासऱ्यांचं पान कावळ्यांनी लगेच साफ केलं, पण तिच्या पानाकडे बघेनात. पानाला कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. ऊन कलायला आलं.

"वहिनी, तिची काहीतरी इच्छा राहिली आहे."

मी म्हटलं, "कावळा गवत खात नाही, एवढीच अडचण आहे."

ते ऐकतात कुठे? पानासमोर हात जोडून म्हणाले, "तुझं वासरू मागे राहिलं असेल. त्याला मी बघेन." मी त्यांच्यादेखत गवतावर एक वडा ठेवला. कावळा आला. दुसऱ्याच दिवशी दीर हायवेवर कुणीतरी सोडून दिलेला पाडा घेऊन घरी हजर. आता नांगराला बैल कोण जुंपतो? तरी त्याला रोज अंघोळ.

यंदा झडप झिजली. अंगणातून गोठ्यापर्यंत जाताना ते मध्येच बसू लागले. डॉक्टर म्हणाले, दुसरी बसवा, नाहीतर दिवस थोडे. दीर तयार होईनात. त्यांच्या मुलाने समजावून पाहिलं, व्याह्यांनी पाहिलं. शेवटी माझ्यापाशी बोलले.

"माझ्यापायी आणखी एक वासरू पोरकं होईल, वहिनी."

"होऊ दे. आपल्या गोठ्यात जागा आहे."

त्यांनी उठून बॅग भरायला घेतली.

ते मुंबईला गेल्यापासून घरात कुणाची बडबड नाही. इतकी वर्षं मला हवी होती तशी शांतता आहे आणि ती मला नको झाली आहे. फोन अजून आलेला नाही. गोठ्यात दुसरा खुंटा मी ठोकून ठेवला आहे.