तीन मिनिटांत शंभर फेरे

घाटकोपरच्या भटवाडीत तळमजल्यावरच्या एका खोलीवर पाटी आहे: 'काशीराम परब, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्ती'. त्यातलं 'परब' तेवढं खरं. काशीरामला साधा फ्यूज बांधता येत नाही. दुरुस्ती करते त्याची बायको चंपा. अंधेरीच्या रेडिओ कारखान्यात लाइनवर बसून तिनं एकवीस वर्षं सोल्डरिंग केलं. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा घरातच टेबल मांडलं. पाटीवर नवऱ्याचं नाव तिनंच घालायला लावलं. बाईचं नाव बघून गिऱ्हाईक फिरकणार नाही, असं तेव्हा वाटलं होतं. आता तेच घशात अडकून बसलं होतं. बँकेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला काशीराम पुढच्या खुर्चीत बसतो, मशीन घेतो, मशीन देतो, आणि कोणी 'काय हात आहे तुमचा' म्हटलं की मान हलवतो. ती मान हलली की चंपाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बोलली मात्र नाही कधी.

त्या शनिवारी सकाळी मुलुंडचे चंद्रप्रकाश आले. त्यांना जुन्या तबकड्यांचं वेड. हॉल घेऊन दहा-बारा जणांना जमवतात आणि ऐकवतात. आठवड्यापूर्वी नेलेलं मशीन त्यांनी टेबलावर ठेवलं.

"काशीरामभाऊ, वाट लागली ना. गाणं नुसतं पळतंय. बुवा गातोय की पोरगी, कळत नाही." मग आतल्या दाराकडे बघत आवाज खाली आणला. "या वेळी वहिनींना हात लावू दिलात काय?"

काशीराम हसला. नुसता हसला मेला.

चंपा भाकरी तव्यावरच टाकून बाहेर आली. मशीन तिनं स्वतःकडे ओढलं.

"मागचा वेगाचा स्क्रू कोणी फिरवला?"

"मीच, जरासा," चंद्रप्रकाश म्हणाले. "फोनवर ॲप आहे, वेग मोजतं. फोन फिरत्या थाळीवर ठेवला तर कमी दाखवत होतं. मग मिनिटाला बरोबर तेहतीस पॉइंट तेहतीस फेऱ्यांवर आणलं."

"आणि गाणं लावताना फोन काढलात."

"काढणारच ना."

"एवढीशी मोटर. पाव किलोचा धोंडा डोक्यावर घेतल्यावर ती दमणारच. तुम्ही तिला ओझ्यासकट पळवलीत. ओझं काढल्यावर उधळणार नाही तर काय करणार?"

चंद्रप्रकाश काशीरामकडे वळले. "असं होतं का हो, भाऊ?"

काशीरामनं मान हलवली.

चंपानं दात आवळले. कपाळावरची टिकली काढून तिनं थाळीच्या काठाला चिकटवली आणि नवऱ्याला म्हणाली, "घड्याळ बघा. तेवढं जमेल." तीन मिनिटांत टिकली बरोबर शंभर वेळा समोरून गेली पाहिजे, हे कारखान्यातलं शिक्षण. पहिल्यांदा एकशेआठ भरले. तिनं स्क्रू केसभर मागे घेतला. एकशेतीन. पुन्हा केसभर. तिकडे भाकरी करपल्याचा वास आला, तरी ती उठली नाही. शंभर भरले तेव्हा तिनं तबकडी चढवली, सुई ठेवली, आणि बुवांचा आवाज त्यांच्या वयाला शोभेल असा भरदार उतरला.

चंद्रप्रकाशांनी डोळे मिटले. मग उठून दोन्ही हातांनी काशीरामचा हात धरला.

"मानलं, भाऊ. उद्याच्या बैठकीत तुम्हाला शाल घालायचीय. नाही म्हणायचं नाही."

"कशाला, कशाला," काशीराम म्हणाला. पण मान हललीच.

चंपानं स्क्रूड्रायव्हर उचलला. तबकडी फिरत असतानाच तो मागच्या भोकात घातला आणि स्क्रू गरकन फिरवला. बुवा किंचाळत सुटले. चंद्रप्रकाशांचं तोंड उघडं ते उघडंच. तिनं स्क्रूड्रायव्हर नवऱ्याच्या हातात दिला.

"करा. शाल तुम्हालाच आहे ना."

आणि ती आत गेली. गॅस बंद केला, करपलेली भाकरी उलथण्यानं खरवडून काढली. इतकी वर्षं आपण याला खुर्ची दिली आणि यानं आपल्याला स्वयंपाकघर दिलं, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. बाहेर गाणं किंचाळतच होतं. सुई उचलायचंही कोणाला सुचत नव्हतं.

मग काशीरामचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मला येत नाही हो हे. पहिल्यापासून सगळं हीच करते."

"आत ऐकू आलं नाही," चंपा म्हणाली. "गाणं बंद करा, आणि मोठ्यानं सांगा."