खुणेच्या वर

त्र्यंबक रोडवरचा तो सायकलवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे फारसा बघायचा नाही, गुडघ्यांकडे बघायचा. नव्या सायकलवर माणसाला बसवायचा, पायडल खाली गेलं की गुडघा किती वाकतो ते पाहायचा आणि "उतरा" एवढंच म्हणून सीट बोटभर वर घ्यायचा.

दोन हजार सालाच्या आसपास मी गिअरची सायकल घेतली. पुढे वाकून पाठ भरून यायची, म्हणून त्याला हँडल वर घ्यायला सांगितलं. हँडलच्या दांडीवर एक खूण असते, तिथपर्यंत त्याने घेतलं.

"अजून घ्या," मी म्हटलं.

"नाय. खुणेच्या वर नाय."

मला राग आला. घरी जाऊन मीच हँडल चांगलं चार बोटं वर ओढलं आणि बोल्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानावरून चाललो होतो. पुढे मोठा उतार होता. ते हँडल लांबूनच पाहून तो धावत रस्त्यात आला आणि मला आडवा झाला. मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता.

"बाजूला व्हा!" मी ओरडलो.

मी कसाबसा थांबलो. त्याने पुढचं चाक गुडघ्यांत दाबलं आणि हँडलला दोन हिसके दिले. हँडल उपटून त्याच्या हातात आलं.

मी पुढच्या उताराकडे बघितलं. त्याने सायकल कडेला घेतली, हँडल खाली बसवलं आणि सीट पुढे सरकवली.

"आता लय वाकावं नाय लागणार," तो म्हणाला.

चुकलो म्हणायला मी तोंड उघडलं. तो बोल्ट आवळत होता आणि पाना सारखा निसटत होता. त्याचे हात कापत होते.