एका रेघेची पट्टी

हे लिहायची माझी बिलकूल इच्छा नव्हती. सातवीत शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते गोळ्यांच्या पुडीवर, सकाळ-संध्याकाळ, एवढंच. पण माझ्या भाच्याची पोरगी चिमी महिनाभर डोकं खाऊन राह्यली. "आबा, मेडिकलमधले किस्से लिहा नं." घे बाई. बोरी अरबच्या बाजारात एका शेठच्या मेडिकलवर, काउंटरमागं अर्धी जिंदगी गेली, तिथं किस्से गोळा करावे लागत नाहीत. कानातल्या मळासारखे आपोआप साचतात. त्यातले दिवस गेले का नाही हे पाहायच्या पट्टीचे तेवढे सांगतो. हसवायले बसलो नाही, आधीच सांगून ठेवतो.

ती वर्षं कापसाची नासलेली होती. भाव नाही, बोंडात अळी. दुकानापुढं एक बाकडं होतं. बाजाराच्या दिवशी माझी थोरली बहीण अक्का त्याच्यावर येऊन बसे. तिची सून शोभा पिशवी धरून बाजूले उभी. लग्नाले तीन वर्षं झालती, मूल नव्हतं. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याले ऐकवे, "यंदा काही झालं नाही तं आमच्या दिलीपसाठी दुसरी पाहीन." शोभा खाली पाहे. दिलीप, म्हणजे माझा भाचा, तोही खालीच पाहे.

*

पट्टी मागायची आमच्याकडं मोठी पंचाईत. नाव कोणी घेत नसे. एक नवा नवरदेव गर्दी कमी व्हायची वाट पाहत उभा. शेवटी म्हणतो, "काका, ते द्या."

"ते म्हणजे? न होऊ देण्याचं, का झालं का पाहायचं?"

दुकानात चार बाया होत्या. भाऊ बामची डबी घेऊन गेला.

*

वणीकडं कोळशाच्या ट्रकवर एक ड्रायवर होता. पंधरा दिवसांनी घरी येई. रविवारी आला, मंगळवारी पट्टी मागाले हजर. "उद्या खेप आहे. आजच समजलं पाह्यजे."

म्हटलं, "बायकोची पाळी चुकली का?"

"अजून टाइम आहे तिले."

"मग पट्टीले काय सपन पडते? पाळीची तारीख जाऊ दे. आठ दिवस वाट पाह्य. मग सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी घ्यायची. एक रेघ आली आणि तरी पाळी आली नाही, तं आठवड्यानं पुन्हा पाह्यची."

"एवढं कोण थांबते?"

"बाबू, लेकरू आहे. माल चढवला का लगेच पावती भेटते, तसं नाही हे."

बाकड्यावर अक्का खदखदून हसली. तिनं हे सगळं ऐकलं होतं, म्हणून सांगून राह्यलो.

*

एका घरी सुनेनं पट्टी पाहिली, एकच रेघ. सासऱ्यानं ती फेकू देली नाही, देव्हाऱ्यात ठेवली. संध्याकाळी दिवा लावाले गेला तं दुसरी रेघ, पुसट. त्यानं गावात पेढे वाटले. अरे, पट्टी पाच मिनिटांत पाह्यची असते. वाळल्यावर तिच्यावर काहीही उमटते. चार दिवसांनी सुनेले पाळी आली. सासरा उरलेले पेढे घेऊन दुकानात आला, काउंटरवर डबा आपटला आणि म्हणाला, "हे आता तूच खाय."

*

वेचणीले जाणारी एक बाई होती. दोन महिने पाळी नाही. पट्टीत काही नाही, पुन्हा पाहिली, तरी नाही. दवाखान्यात सांगितलं, दिवस गेले नाहीत, अंगात रक्तच नाही म्हणून पाळी थांबली. चिठ्ठीवरच्या गोळ्या मी काढून देल्या. म्हटलं, "पोटभर जेवल्यावर घेत जा."

तिनं पुडी परत सरकवली. "मग राहू द्या."

*

आता अक्काचं. तिच्या सासरी रीत आहे. कपाशीच्या बियाची पहिली मूठ घरच्या पोटुशी सुनेनं टोबायची, म्हणजे हातानं मातीत खोचायची. पोटुशी नसली तं दुसऱ्या घरची आणायची. दोन वर्षं, नवी सून आहे म्हणून रीत सोडून शोभानंच टोबलं आणि दोन्ही वर्षं कपाशी बुडाली. अक्कानं हिशोब लावला, रिकाम्या ओटीनं रान बाटलं. तिसऱ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर आली. "नामा, पट्टी दे."

"पाळी चुकली का तिची?"

"आज-उद्याची तारीख आहे."

"मग आज काही दिसणार नाही अक्का. आठ दिवस थांब."

"जमीन थांबते का आठ दिवस?"

नेली. भर दुपारी पोरीले तांब्यावर तांब्या पाणी पाजलं आणि पट्टी पाहिली. एक रेघ. शेजारची सून आणून मूठ टोबली आणि शोभाले केळापूरले माहेरी धाडून देलं. गावभर सांगितलं, "माह्या भावाच्या दुकानची पट्टी आहे, खोटी निंगत नसते."

शोभाले पाळी आलीच नाही. पंधरवड्यानं तिच्या मायनं पट्टी आणली. दोन रेघा. दिलीप पळत दुकानात आला, "मामा, दोन आल्या!" त्याच्या मागून अक्का आली. बाजाराचा दिवस. बाकड्यावर बसली नाही, उभी राह्यली.

"माह्या घरी एक रेघ, आणि माहेरी गेल्यावर दोन? कोणाची होये दुसरी?"

दिलीप खाली पाहाले लागला. शोभाचा बाप तिले घेऊन आलता. पोरगी पिशवी धरून उभी, पहिल्यासारखीच. म्हटलं, "अक्का, पट्टी बरोबर होती, पोरगी बी बरोबर आहे. तू घाई केली."

"मी कधी चुकत नाही. तुह्या दुकानचा माल डुप्लिकेट असन, नाही तं हे पोरगी. दोनातलं एक सांग. आत्ता सांग, सगळ्यायदेखत."

बाजार थांबून पाहून राह्यला होता. तिसरं खरं होतं, पण ते कोणाले पाह्यजे नव्हतं. शेठ गल्ल्यावर बसून माझ्याकडं पाहे. शोभाही पाहे.

मी म्हटलं, "माल डुप्लिकेट होता."

अक्कानं शोभाचा हात धरला आणि घरी नेलं. शेठनं त्याच संध्याकाळी मले काढलं. त्या वर्षीची कपाशीही अळीनं खाल्ली, शेजारच्या सुनेची मूठ असून.

शोभा दर दिवाळीले माझ्या पायावर डोकं ठेवते. दिलीपनं एकदा उशिरा का होईना हात जोडले. गाव मले अजून डुप्लिकेट नामा म्हणते. चिमे, केळापूरच्या पट्टीतली दुसरी रेघ तू. मले डुप्लिकेट काहून म्हणतात ते मले नको विचारू. तुह्या घरी माजघरात बसली आहे, तिले विचार. सगळ्यायचं देणं फिटलं, तिचं राह्यलं. वच्छला, माझी सख्खी अक्का, तुही आजी.