रोवणीच्या बांधीतली कादंबरी

आसगावच्या आमच्या छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून लागले, तेव्हा अध्यक्षांनी मला पहिलं काम दिलं ते मोबाइलवरचं. अध्यक्ष निवृत्त शिक्षक, सारं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. त्यांनी वाचनालयाचं फेसबुक पान उघडलं होतं आणि गावाचा व्हॉट्सॲप ग्रुपही केला होता. नवीन पुस्तकं आली की मी मुखपृष्ठांचे फोटो टाकायचे. नागपूर-पुण्याला गेलेली गावची मुलं त्यावर लाइकचे अंगठे द्यायची, ग्रुपवर लोक गुलाबाची फुलं पाठवायचे. वाचनालयात मात्र पेपर चाळणारी तीच ठरावीक म्हातारी मंडळी. बाई तर एकही नाही.

माझ्या घराशेजारी एक मावशी राहतात. धानाच्या रोवणीला बायांचा जथा घेऊन त्याच जातात. त्यांना मी एकदा विचारलं, "मावशी, पुस्तकांचे फोटो पाहता ना ग्रुपवर? मग येत काहून नाही?"

"फोटो पाहून का करू, माय?" त्या म्हणाल्या. "सकाळी रोवण्याले जातो, सांजच्याले येतो, मंग सैपाक. हात तर दिवसभर चिखलात रायते." मग जरा थांबून म्हणाल्या, "कान तेवढे रिकामे रायते."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयाचं दार लोटून घेतलं आणि कपाटातली एक जुनी कादंबरी मोबाइलसमोर वाचू लागले. सासरच्या जाचाला कंटाळून एक बाई शिलाई मशीन घेऊन माहेरी येते, कपडे शिवून पोट भरते, अशी गोष्ट होती. पहिलं प्रकरण वाचलं आणि ते रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत कुणी काही बोललं नाही. गुरुजींचाच निरोप आला, की ग्रुप सूचनांसाठी आहे. त्यानंतर थोड्या वेळानं त्यांचाच दुसरा निरोप आला, "पुढचं प्रकरण कधी?"

मावशींनी मात्र ते शेतात ऐकवलं होतं. मोबाइल शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, रिकाम्या जर्मनच्या पातेल्यात, गंजात ठेवायचा, म्हणजे आवाज घुमतो आणि पाण्यानं भरलेल्या साऱ्या बांधीत ऐकू जातो, ही युक्ती त्यांचीच. मी एकदा मुद्दाम बघायला गेले. बाया वाकून धानाच्या रोपांचे पऱ्हे लावत मागे मागे सरकत होत्या आणि गंजातून माझा आवाज येत होता. स्वतःचा आवाज असा चिखलपाण्यावरून ऐकताना मला कसंसंच झालं. एकीनं मान वर न करताच सांगितलं, "मॅडम, जरा हळू वाचत जा. आमी एकीकडे बोलून राहिलो असतो, तं सुटून जाते."

मग मी हळू वाचू लागले. ग्रुपवरची फुलं कमी झाली आणि बायांचे रेकॉर्ड केलेले आवाज येऊ लागले. कादंबरीतल्या नवऱ्याला शिव्या, त्या बाईच्या आईला सल्ले. शेवटून दुसऱ्या प्रकरणात तो नवरा तिला न्यायला येतो आणि दारात उभा राहतो. तिथपर्यंत वाचलं, आणि मला ताप आला. घसा असा बसला की घरच्यांशीही खुणेनं बोलायची वेळ.

पुढचं प्रकरण येईना, तेव्हा मावशींनी स्वतःच आवाज पाठवला. अंथरुणावर पडल्या पडल्या मी तो ऐकला. "मॅडमचा घसा बसला, म्हणून पुढचं मी सांगतो," अशी सुरुवात करून त्यांनी बेधडक गोष्ट पुरी केली. त्यांच्या गोष्टीत ती बाई नवऱ्याला म्हणते, "रायचं असन तं इथं राय. मी मशीन चालवतो, तू काज-बटन कर." आणि तो गुमान खाली बसून सुईत दोरा ओवू लागतो.

साऱ्या ग्रुपला ते आवडलं. फक्त बुद्धविहाराजवळ राहणाऱ्या एका सुनेला शंका आली. तिनं लिहिलं, "पुस्तकात असंच आहे का?" त्यावर जो वाद पेटला, तो ग्रुपवर मिटेना.

ताप उतरल्यावर मी वाचनालय उघडलं. रोवणी आटोपत आली होती. दुपारी पाहते तर पायरीशी चपलांचा ढीग आणि पुढं मावशी. त्यांच्यामागून साऱ्या आत आल्या, काही तर पहिल्यांदाच. गुरुजींसकट पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी खुर्च्या सोडल्या. "थे पुस्तक काढा," मावशी म्हणाल्या.

माझ्याच्यानं मोठ्यानं वाचवत नव्हतं, म्हणून त्या सुनेनं वाचलं. पुस्तकातली बाई मुकाट्यानं उठते, लुगडी गाठोड्यात बांधते आणि नवऱ्याच्या मागे चालू लागते. एवढ्यावरच कादंबरी संपत होती. मावशींनी विचारलं, "अन् मशीन?"

सुनेनं पानं उलटली. मशीनचं पुढं काय झालं, हे लिहिलेलंच नव्हतं.

"माहेरीच राहिली असेल," गुरुजी म्हणाले.

"असं कसं ठेवन थे? पोट भरलं तिनं तिच्यावर," मावशी म्हणाल्या.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून वादात उतरले. 'शांतता राखा' या पाटीखाली इतका कालवा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. मला बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं. मी नुसती बघत बसले, आणि कामाला लागल्यापासून पहिल्यांदा ही जागा मला घरासारखी वाटली.

आता आम्ही तसंच करतो. मी शेवटच्या प्रकरणाआधी थांबते आणि ग्रुपला विचारते, पुढं काय व्हावं? गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेली, पुनर्वसन वसाहतीत राहणारी आसपासची माणसंही ग्रुपवर आवाज पाठवतात. ज्याला पुस्तकातलं खरं जाणून घ्यायचं असेल, त्यानं वाचनालयात यायचं. येतात.

ती कादंबरी मावशींनी स्वतःच्या नावावर नेली. त्या बोट फिरवत सावकाश वाचतात, म्हणून मी परत मागितली नाही. धान कापून झाल्यावर त्या ती घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवली.

"दोनदा वाचलो," त्या म्हणाल्या. "मले नाई पटलं. दुसरं द्या."